विज्ञान संस्थांच्या निवड समित्यांना खुलं पत्र: मुलींना आवड आहे हो, तुमच्याकडे जागा आहे का?

पुण्या-मुंबईतल्या आणि एकूणच देशातल्या विज्ञान संस्थांचे संचालक, डीन आणि निवड समित्यांवरचे सर्व मान्यवर सर (आणि असल्याच तर मॅडम) यांना,

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका डिग्री कॉलेजात फिजिक्स शिकवते. तुमचा माझा संबंध येतो तो मुख्यतः फेब्रुवारीत. ११ तारखेला विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन आणि लगेच ८ मार्च, त्यामुळे त्या सीझनमध्ये तुमच्या आउटरीचवाल्यांचे मेल येतात की मुलींना घेऊन या, त्यांच्यात विज्ञानाची आवड निर्माण करायची आहे. आम्ही बस ठरवून येतो, मुली लॅब बघतात, फोटो काढतात, कुणीतरी मेरी क्युरीवर बोलतं, मग सर्टिफिकेट आणि वडापाव घेऊन रात्री उशिरा परत. छान असतं सगळं, खरंच तक्रार नाही. पण मला दरवेळी वाटतं की ही आवड नक्की कुणाला लावायची चाललीय? माझ्या टीवायच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. सकाळी उठून घरातलं आवरून दोन एसट्या बदलून प्रॅक्टिकलला वेळेवर हजर होणाऱ्या पोरीला आवड आहे की नाही हे अजून काय तपासायचं?

आणि हे काही आमच्याच कॉलेजचं नाहीये. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या उच्च शिक्षण पाहणीत सायन्सला देशभरात ५७ लाखांवर विद्यार्थी होते, त्यात मुली २९.८ लाख आणि मुलं २७.४ लाख. म्हणजे वर्गात मुली पुढे आहेत. आता तुमच्या फॅकल्टीच्या पानावर जा आणि फोटो मोजा. बायसवॉच इंडिया हा गट २०२० पासून हेच मोजतोय, त्यांच्या हिशोबाने देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या फॅकल्टीत बायका सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास आहेत. निम्म्याहून जास्त पासून सहात एक पर्यंत. मधल्या बाकीच्या कुठे गेल्या हा प्रश्न बीएस्सीच्या पोरींना विचारण्यात काय अर्थ आहे, तो तुम्हालाच विचारायला हवा, कारण मधल्या सगळ्या दारांवर तुम्ही बसलेले आहात.

यावर चहाच्या वेळेला जे उत्तर मिळतं तेही मला माहितीय. "मॅडम, मुळातच फरक असतो हो." हे काही आपल्याकडचेच लोक म्हणतात असं नाही, २००५ साली हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी समर्स भर परिषदेत असंच काहीसं बोलले होते, की अगदी वरच्या टोकाच्या बुद्धिमत्तेत पुरुषांचं प्रमाण जास्त असतं म्हणून वरच्या जागांवर बायका कमी, आणि भेदभाव वगैरे त्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी. २०१८ला सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत अलेस्सांद्रो स्ट्रुमिया नावाच्या फिजिसिस्टने तर स्लाइड लावून सांगितलं की फिजिक्समध्ये अन्याय झालाच असेल तर तो पुरुषांवर होतोय. तर या फरकाबद्दल बोलूयाच, टाळायला नको. काही गोष्टींत सरासरी फरक दिसतो हे खरंय, उदाहरणार्थ मनातल्या मनात एखादी आकृती फिरवून बघायच्या टेस्टमध्ये मुलांची सरासरी वर असते आणि हे पुष्कळदा दिसलेलं आहे. पण अमेरिकेत २००८ला जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा राज्यांतल्या ७० लाखांच्या आसपास मुलांचे शाळेतले गणिताचे मार्क तपासले तर मुलगा-मुलगी सरासरीत फरक जवळपास शून्य आला. आणि समजा थोडा असला तरी काय? तुम्ही असिस्टंट प्रोफेसर निवडताना त्याला ठोकळे फिरवायला लावता का?

आपल्याकडचंच बघा ना. नीटला बसणाऱ्यांत आता मुली निम्म्याहून जास्त असतात आणि नीटच्या पेपरात फिजिक्स असतं, चांगलं जड असतं. तीच मुलगी, तेच न्यूटनचे नियम, पण आयआयटीच्या वर्गात २०१६-१७ पर्यंत मुली आठ टक्क्यांच्या आसपास. मग २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या आणि दोन-तीन वर्षांत आकडा वीस टक्क्यांपर्यंत गेला. या मुली काही आकाशातून पडल्या नाहीत, सगळ्या जेईई ॲडव्हान्स्ड क्वालिफाय झालेल्याच होत्या. दोन-तीन वर्षांत मेंदूची रचना बदलत नाही, नियम बदलला. कोटाला पोराला पाठवायचं आणि पोरीला गावातलाच क्लास लावायचा हा हिशोब घरोघरी होतो आणि आपण त्याला नैसर्गिक कल म्हणून मोकळे होतो.

मला खरं तर तुमच्याशी २८ फेब्रुवारीबद्दल बोलायचंय. १९२८ साली त्या दिवशी रामन इफेक्ट सापडला म्हणून आपण विज्ञान दिन करतो, करायलाच पाहिजे, मी स्वतः दरवर्षी वर्गात तो समजावून सांगते. पण त्याच रामनसरांनी पाच वर्षांनी काय केलं ते तुमच्या एकाही कार्यक्रमात मी ऐकलेलं नाही. १९३३ साली कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली येऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ॲडमिशन मागायला गेली. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले केमिस्ट. रामनसर तेव्हा संस्थेचे डायरेक्टर. त्यांनी अर्ज नाकारला, कारण मुलगी. ती ऑफिससमोर ठाण मांडून बसली, सत्याग्रहच केला म्हणा, तेव्हा अटी घालून घेतलं: एक वर्ष प्रोबेशनवर राहायचं, डायरेक्टरचं समाधान झाल्याशिवाय कामाला मान्यता नाही, आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट पुन्हा वाचा. लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची.

तिने वर्ष काढलं, रामनसरांचं समाधान झालं आणि त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळायला लागला. ती पुढे केंब्रिजला गेली, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन) असतं हे दाखवलं आणि १९३९ला पीएचडी घेतली, तीही जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर (आमच्या विद्यापीठातल्या गाइड लोकांनी हे वाचू नये, चारशे पानांशिवाय त्यांना झोप लागत नाही). लग्नानंतरच्या कमला सोहोनी म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, गरीब आणि आदिवासी मुलांच्या आहाराचा तो प्रश्न होता, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. आणि एवढं करूनही तिथलं डायरेक्टरपद त्यांना उशिराच मिळालं. पन्नास-साठ वर्षं उलटल्यावरही त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण मनाने कोते होते आणि ती वागणूक मी विसरू शकत नाही. रामन इफेक्टवरच्या व्याख्यानात पाच मिनिटं या गोष्टीला दिली तर रामन लहान होणार नाहीत.

त्याच रामनसरांच्या लॅबमध्ये पुढे ॲना मणी आल्या. हिरे-माणकांच्या स्पेक्ट्रोस्कोपीवर पाच पेपर, १९४५ला प्रबंध तयार, आणि मद्रास विद्यापीठ म्हणालं तुमच्याकडे एमएस्सी नाही सबब पीएचडी देता येत नाही. झालं. डॉक्टरेट नाहीच मिळाली त्यांना शेवटपर्यंत. मग त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या आणि १९४८ला पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरला शिमला ऑफिसच्या, म्हणजे या हवामान खात्याच्याच इमारतीच्या, चौकात सिग्नलला थांबणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना माहितीय की देशातल्या हवामानाच्या उपकरणांचं प्रमाणीकरण, सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं, भारतीय बनावटीचा ओझोनसाँड (फुग्याबरोबर वर सोडून ओझोन मोजायचं उपकरण) यातलं बरंचसं या बाईंच्या हातून उभं राहिलंय? त्यांना स्वतःला "महिला शास्त्रज्ञ" म्हणून मिरवलेलं फारसं आवडायचं नाही असं म्हणतात आणि मला ते पटतं. बिभा चौधरींचं तर विचारूच नका. १९४०च्या आसपास दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोग्राफिक प्लेटा ठेवून कॉस्मिक किरणांतले मेसॉन नावाचे कण शोधायचं काम डी. एम. बोस यांच्याबरोबर केलं, युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात म्हणून ते अडलं, आणि फोटोग्राफिक पद्धतीसाठी १९५०चं नोबेल गेलं सेसिल पॉवेलना. होमी भाभांनी १९४९ला बिभांना मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं, तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. २०१९ला एका ताऱ्याला त्यांचं नाव मिळालं. जिवंतपणी एखादा मोठा पुरस्कार दिला असता तर ताऱ्याचं एवढं अडलं नसतं.

ही नावं तुम्हाला आता माहिती झालीयत हे मला कबूल आहे, २०२०च्या विज्ञान दिनाची थीमच विज्ञानातल्या महिला ही होती आणि केंद्र सरकारने अकरा महिला शास्त्रज्ञांच्या नावाने अध्यासनं जाहीर केली, त्यात ॲना मणी, बिभा चौधरी, आपल्या इरावती कर्वे आणि कमल रणदिवे आहेत. गंमत बघा पण, त्याच्यानंतर लगेचच २०२१ला भटनागर पुरस्कार, म्हणजे तरुण शास्त्रज्ञांसाठीचा देशातला मोठा पुरस्कार, अकरा जणांना मिळाला, अकराही पुरुष. २०२२चा बारा जणांना, बाराही पुरुष. म्हणजे बहुतेक वारलेल्या बायकांच्या नावाने खुर्च्या आणि जिवंत बायकांना टाळ्या वाजवायला प्रेक्षकांत बसवायचं. भटनागरला ४५ची वयोमर्यादा. ज्या बाईची तिशी बाळंतपणात आणि नवऱ्याच्या बदलीमागे गेली तिचं काम बहरतं तेच मुळी चाळिशीनंतर, मग हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी प्रत्यक्षात कुणाला बाहेर ठेवतो ते सांगायला फिजिक्स लागत नाही.

संचालकांच्या फोटोंची ओळ तर तुमच्या कॉरिडॉरमध्येच लावलेली असते. बंगलोरची इन्स्टिट्यूट १९०९ची, टीआयएफआर १९४५ची, पुण्याची राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा एनसीएल १९५०ची, खगोलशास्त्राची आयुका १९८८ची, इस्रो १९६९ची. यातल्या एकाही ठिकाणी आजवर बाई प्रमुख झालेली नाही. देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरला १९४२ पासून पहिली महिला महासंचालक मिळाली ती २०२२ला, एन. कलैसेल्वी, ऐंशी वर्षांनी. आणि २०१४ला मंगळयान पोचलं तेव्हाचा साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायकांचा तो फोटो आठवतोय? जगभर फिरला, "बघा आमच्या रॉकेटवाल्या बायका". नंतर इस्रोनेच सांगितलं की त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या. मंगळयानावर खरंच काम केलेल्या रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित या तेव्हा कुणाला माहितीही नव्हत्या. आपल्याला गजरा दिसला की समाधान होतं.

आता तुमचं दुसरं ठरलेलं उत्तर: "आम्ही काय करणार, त्याच घरच्या कारणाने सोडून जातात." फिजिसिस्ट रोहिणी गोडबोले, म्हणजे आपल्या हुजूरपागेच्या आणि एसपी कॉलेजच्या, यांनी २०१०ला काही सहकाऱ्यांबरोबर पीएचडी झालेल्या बायकांची एक पाहणी केली होती. संशोधन सुटलेल्यांना विचारलं का सुटलं, तर बऱ्याच जणींचं उत्तर घर आणि मूल हे नव्हतंच, मनासारखी नोकरी मिळाली नाही हे होतं. "घरामुळे सोडलं" हे बाहेरून बघणाऱ्यांना वाटत होतं. मला यात अजिबात आश्चर्य वाटलं नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी, परदेशात पोस्टडॉक करून आलेली, चांगले पेपर असलेली, एका नावाजलेल्या संस्थेत इंटरव्ह्यूला गेली (नाव सांगत नाही, सांगून तिचंच नुकसान) तर तिला पहिल्या दहा मिनिटांत मिस्टर कुठे असतात, ते इथे शिफ्ट होणार का, मूल किती वर्षांचं, सांभाळायला कोण असे प्रश्न विचारले गेले, रिसर्च प्लॅनवर त्यानंतर. तिच्याच बरोबर इंटरव्ह्यू दिलेल्या मुलाला, त्यालाही लहान मूल होतं, यातलं काहीही विचारलं नाही. हे विचारणारे सर दुष्ट नव्हते, काळजीने विचारत होते म्हणे. ती आता एका एज्युकेशन ॲपच्या कंपनीत व्हिडिओ बनवते आणि पगार तुमच्यापेक्षा जास्त घेते, त्यामुळे तिची काळजी करू नका.

आणि असं समजू नका की समितीत एक बाई बसवली की प्रश्न मिटला. अमेरिकेत २०१२ला मॉस-रॅकुसिन वगैरे संशोधकांनी १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठीचा एकच सीव्ही पाठवला, निम्म्यांना जॉनच्या नावाने, निम्म्यांना जेनिफरच्या. शब्दाला शब्द तोच. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर द्यावेत असं वाटलं, जेनिफरला २६,५०८. आणि प्राध्यापिकांनीही तेच केलं. म्हणजे ही आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेली सवय आहे, माझ्याही असणार, प्रोजेक्टला ग्रुप पाडताना सोल्डरिंग मुलाकडे आणि फाइल लिहायचं काम मुलीकडे जातं ते आपोआप जात नाही. म्हणून उपाय असा पाहिजे की ज्याला कुणाच्या चांगुलपणाची गरज पडणार नाही. हबल दुर्बिणीचा वेळ मिळवायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, तिथे वर्षानुवर्षं पुरुषांचे अर्ज मंजूर व्हायचं प्रमाण बायकांपेक्षा थोडं जास्तच यायचं. २०१८ला त्यांनी अर्जावरची नावं काढून टाकली, कुणी लिहिलंय ते परीक्षकांना कळणारच नाही असं केलं, आणि त्या पहिल्याच फेरीत बायकांचं ८.७ टक्के आणि पुरुषांचं ८ टक्के आलं. खर्च काय आला असेल? तुमच्याकडे निदान पहिल्या चाळणीत रिसर्च प्रपोजल नाव झाकून वाचायला काय हरकत आहे, फेलोशिपांना तर सहज जमेल.

एमआयटीतल्या नॅन्सी हॉपकिन्सना १९९०च्या दशकात माशांवरच्या प्रयोगासाठी जादा जागा हवी होती, मिळेना, तेव्हा त्यांनी टेप घेऊन रात्री सगळ्यांच्या लॅब मोजून काढल्या आणि बायकांच्या वाट्याला किती कमी चौरस फूट आलेत ते मांडलं, त्यातून १९९९चा तो गाजलेला अहवाल निघाला आणि संस्थेला कबूल करावं लागलं. आपल्याकडे लॅब कुणाला किती, नवी लॅब उभारायची स्टार्टअप ग्रँट कुणाला किती, पीएचडीचे विद्यार्थी कुणाला किती, हे विचारलं की माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणतात. का बरं? मोजून वेबसाइटवर टाका की.

काही गोष्टी तर कायद्यातच आहेत. २०१७पासून कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर पाहिजे. किती कॅम्पसमध्ये आहे आणि ते पीएचडी करणाऱ्या मुलीच्या बाळाला घेतं का? कमल रणदिव्यांनी (कॅन्सर संशोधनातल्या, पुण्याच्या) १९७३ला काही जणींबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, त्या संघटनेने वाशीला नोकरदार बायकांचं वसतिगृह आणि पाळणाघर चालवून दाखवलं. बायकांनी स्वतः वर्गणी काढून जे केलं ते कोट्यवधींच्या ग्रँटवर चालणाऱ्या संस्थेला जड का जावं? केंद्र सरकारी नोकरीत बाईला मुलांसाठी ७३० दिवस रजा आणि बापाला बाळंतपणात १५ दिवस, यातून निवड समितीला काय संदेश जातो सांगा, की बाई घेतली तर ती दोन वर्षं जाणार. बापाची रजा वाढवायची मागणी तुम्ही संचालक मंडळींनी वर करा ना एकदा, आमच्यापेक्षा तुमचं ऐकतील. आणि नवरा-बायको दोघांना एकाच संस्थेत घ्यायचं नाही हा जो कुठेही न लिहिलेला नियम आहे तो एकतर लिहून दाखवा नाहीतर मोडा, कारण दोघांतल्या एकाला घेतात तेव्हा कोण घरी बसतं हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

सरकारच्या महिला वैज्ञानिक योजना आहेत, खंड पडलेल्यांना परत आणायला, २००२-०३ पासून. चांगल्याच आहेत, पण त्यात तीन वर्षांची फेलोशिप मिळते, नोकरी नाही. तीन वर्षं झाली की बाई पुन्हा रस्त्यावर, आता वय आणखी वाढलेलं आणि जाहिरातीत "शक्यतो ३५च्या आत". त्या ३५च्या जागी "पीएचडीनंतर प्रत्यक्ष संशोधनात घालवलेली वर्षं" असं लिहिलं तर पुरुषांचंही काही बिघडत नाही, उलट घर चालवायला मध्ये नोकरी केलेल्या गरीब घरच्या मुलांचा फायदाच आहे.

आणि एक. मी वर घेतलेली नावं पुन्हा बघा. भागवतांचे वडील केमिस्ट, रणदिव्यांचे वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्रोफेसर. बहुतेक सगळ्या शिकलेल्या, वरच्या जातीतल्या, शहरातल्या घरांतून आलेल्या, आणि त्यांनाही एवढं झगडावं लागलं. माझ्या वर्गातल्या पोरींच्या घरी ऊसतोड आहे, म्हशी आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. त्यांच्याकडे डायरेक्टरच्या ऑफिससमोर बसून राहायला आठ दिवससुद्धा नाहीत, कारण परीक्षा झाली की स्थळ आलेलं असतं, आणि "अजून पाच वर्षं पीएचडी करते" हे बापाला सांगायचं तर त्यापुढे काय मिळतं याचं उत्तर पोरीकडे लागतं. ते उत्तर मी त्यांना देऊ शकत नाही. फॅकल्टीच्या पानावरचा सहातला एक फोटो दाखवून बाप ऐकत नाही हो.

म्हणून यंदापासून मी एक ठरवलंय आणि आजूबाजूच्या कॉलेजांतल्या सहकारी शिक्षकांशीही बोलतेय. मुलींना घेऊन या असा मेल आला की आम्ही उलट मेलने माहिती मागणार: तुमच्या गेल्या पाच वर्षांतल्या फॅकल्टी भरतीत एकूण अर्ज किती, त्यात बायकांचे किती, इंटरव्ह्यूला किती बोलावल्या, घेतल्या किती, आणि कॅम्पसवर पाळणाघर आहे का. तक्ता एक पानाचा आहे, तुमच्या ऑफिसात अर्ध्या दिवसात निघेल. तो आला की बस ठरवतो.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक फिजिक्सची शिक्षिका